विशेषणांचा मानपान

इंग्रजीत नामापूर्वी विशेषणे कोणत्या क्रमाने यावीत हे तिकडच्या मुलांना कोणी शिकवीत नाही, आपल्या विद्यार्थ्यांना मात्र त्याचा तक्ता पाठ करावा लागतो. आणि एवढ्यावरून, 'इंग्रजी ही शिस्तीची भाषा, मराठीत काय, शब्द कुठेही ठेवा' असा निकाल एका सुविद्य गृहस्थांनी चहा पिता पिता देऊन टाकला, तेव्हापासून हा विषय माझ्या मनात सलत आहे.

तक्ता परिचयाचाच आहे : अभिप्राय, आकारमान, वय, आकृती, रंग, मूलस्थान, द्रव्य, प्रयोजन. मार्क फॉर्साइथ या इंग्रज लेखकाने २०१३ साली त्याचा डंका वाजविला. पण तक्ता हा हुकूम झाला, कारण नव्हे. कादंबरीकार टॉल्किनने १९५५ साली कवी ऑडनला लिहिले आहे की, सातव्या वर्षाच्या सुमारास त्याने ड्रॅगनची गोष्ट लिहिली, तेव्हा आईने ड्रॅगनविषयी चकार शब्द न काढता 'ग्रीन ग्रेट ड्रॅगन' म्हणता येत नाही, 'ग्रेट ग्रीन ड्रॅगन' म्हणावे, एवढेच सुनावले. असे का, हे कोडे इंग्रजी भाषेचा प्राध्यापक झाल्यावरही त्याला सुटले नव्हते. तेव्हा हा इंग्रजांचा निव्वळ रिवाज आहे, असे उत्तर मी त्या गृहस्थांसाठी योजून ठेवले होते.

परंतु इंग्रज वैयाकरण हेन्‍री स्वीटने १८९८ सालीच म्हटले होते की, अर्थाने नामाशी अधिक निगडित असलेले विशेषण त्याच्या अधिक जवळ बसते. व्हॉर्फने हाच धागा पुढे नेला. (हा गृहस्थ पोटापाण्यासाठी विमा कंपनीच्या वतीने आगीच्या धोक्याची तपासणी करीत असे, व्याकरण हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग, आणि पगारी वैयाकरणांनी त्याचा हेवा करावा असा.) त्याच्या मरणोत्तर, १९४५ साली, प्रसिद्ध झालेल्या लेखात वस्तूचे अंगभूत गुण एकीकडे आणि पाहणाऱ्याच्या तुलनेतून उपजणारे गुण दुसरीकडे, असा भेद आहे. घर तांबडे असते ते स्वतःच्या अंगाने. मोठे ठरते ते शेजारच्या घरामुळे. म्हणून तांबडेपणा घराला चिकटून आणि मोठेपणा त्याच्या पलीकडे.

फॉर्साइथची अडचण होते ती 'बिग बॅड वुल्फ'पाशी. 'बॅड' हा अभिप्राय. तो तक्त्याप्रमाणे आधी यावयास हवा. तेथे फॉर्साइथ स्वरांच्या क्रमाचा दुसरा नियम पुढे करतो. एका कायद्यातून सुटण्यासाठी दुसऱ्याची सनद काढणे ही युक्ती वकिलाला शोभते. वस्तुतः बालकथेत लांडग्याचे दुष्टपण हे कोणाचे मत नसतेच; ती त्याची जातच असते, आणि जात नामाला खेटूनच बसणार.

आता आपल्या दप्तराकडे वळू. बोलताना आपण 'एक जुना लाकडी पलंग' म्हणतो. 'लाकडी जुना एक पलंग' कानाला खटकतो. जप्तीच्या यादीत कारकून नाम आधी टाकतो आणि लिहितो : 'पलंग लाकडी जुना नग १'. सारा क्रम उलटा झाला, पण लाकूड पलंगापासून हलले नाही, वय त्याच्या पलीकडेच राहिले, आणि संख्या, जिचा पलंगाच्या स्वरूपाशी काहीच संबंध नाही, ती दोन्हीकडे सर्वांत दूर. त्या कारकुनाला कोणी तक्ता शिकविला नव्हता. मराठी बेशिस्त आहे हे गृहस्थांचे म्हणणे यादीतल्या एका ओळीने निकालात निघते. मात्र तीच ओळ माझ्या उत्तराच्याही आड येते, आणि ज्याला इंग्रजांचा रिवाज म्हणून मी वाटेला लावणार होतो त्याला रिवाज म्हणणे आता मला जड जाते.