नौकेचा परिग्रह

नदी ओलांडण्यासाठी किंवा नदीवर काही काळ घालवण्यासाठी नाव स्वतःची असावी की भाड्याची, हा प्रश्न वरवर पाहता जमाखर्चाचा वाटतो. परंतु वस्तू बाळगण्याविषयी भारतीय दर्शनांनी जो दीर्घ विचार केला आहे त्याच्या कसोटीवर तो घासून पाहिला, तर एखादी वस्तू आपली असणे म्हणजे नेमके काय आणि एकाने खाली ठेवलेला भार पुढे कोण उचलतो, इथपर्यंत तो जाऊन पोहोचतो. नावेच्या बाबतीत हा दुसरा भाग विशेष महत्त्वाचा आहे, कारण भाड्याच्या नावेलाही मालक असतोच.

पतंजलीच्या योगसूत्रांत अहिंसा, सत्य, अस्तेय आणि ब्रह्मचर्य यांच्यानंतर अपरिग्रह हा पाचवा यम येतो. परिग्रह म्हणजे वस्तू आपली म्हणून जवळ करणे, आणि अपरिग्रह म्हणजे ती तशी जवळ न करणे. सूत्रांवरील व्यासभाष्य या यमाचे कारण देताना विषयांच्या ठिकाणी पाच दोष दाखवते : अर्जन म्हणजे मिळवण्याचे कष्ट, रक्षण म्हणजे राखण्याची चिंता, क्षय म्हणजे झीज व नाश, संग म्हणजे आसक्ती, आणि हिंसा म्हणजे या साऱ्यात इतर जीवांना होणारी पीडा. भाष्यकारापुढे सर्वच भोग्य वस्तू होत्या. तथापि हे पाचही दोष एका ठिकाणी डोळ्यांना दिसावेत अशी वस्तू शोधायची, तर लाकडी नावेइतकी योग्य वस्तू क्वचितच सापडेल.

अर्जनाचा खर्च एकदा होतो, रक्षणाचा कधी संपत नाही. नाव सदैव पाण्यात ठेवली तर फळ्या भिजून हळूहळू कुजतात, आणि काठावर ओढून उन्हात ठेवली तर त्याच फळ्या आकसून सांधे उघडे पडतात, मग पुन्हा पाण्यात घातल्यावर लाकूड फुगून सांधे मिटेपर्यंत आत पाणी येत राहते आणि कोणीतरी ते उपसत बसावे लागते. सांध्यांत कापूस किंवा ताग ठोकून वरून राळ, तेल, डांबर लावणे हे काम एकदा करून भागत नाही. खाडीच्या खाऱ्या पाण्यात तर लाकूड आतून पोखरणारे जीव असतात, त्यामुळे बाहेरून धडधाकट दिसणारी फळी हाताने दाबताच खचते. पावसाळ्यात पूर येण्याआधी नाव उंचावर ओढून बांधावी लागते, आणि रात्री अचानक पाणी चढले तर मालकाला झोपेतून उठून काठावर जावेच लागते. वर्षातील जे थोडे दिवस नदी शांत, वारा मंद आणि मालक मोकळा असतो, तेवढ्यांसाठी उरलेल्या सर्व दिवसांची ही चाकरी चालू असते.

एवढा भार असूनही माणसे नाव का बाळगतात, याचे उत्तर केवळ संग या शब्दाने देणे न्यायाचे होणार नाही. ज्याने स्वतःच्या हाताने नावेचे सांधे भरले आहेत त्याला ती कोणत्या बाजूला कलते, कोणत्या वाऱ्यात हट्ट करते, तळाशी वाळू लागली की तिचा आवाज कसा बदलतो, हे ठाऊक असते. आणि नावेच्या या ओळखीतून नदीचीही ओळख होत जाते. पहाटे कोणाला न विचारता वल्हे उचलून निघता येणे हे सुख भाड्याच्या नावेत मिळत नाही. जतन करण्यातून येणारे हे ज्ञान आणि वस्तू मुठीत धरण्यातून येणारी आसक्ती ही दोन भिन्न आहेत, आणि अपरिग्रहाविषयी लिहिताना ती पुष्कळदा एकच मानली जातात, ही उणीव येथे नोंदवली पाहिजे.

स्वामित्वाला संस्कृत शास्त्रग्रंथांत स्वत्व असा शब्द आहे. अकराव्या शतकाची अखेर आणि बाराव्याचा आरंभ या काळात, कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्य सहाव्याच्या राज्यात, याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने स्वत्व हे लौकिक आहे, म्हणजे ते शास्त्रवचनानेच कळते असे नसून लोकव्यवहारातून कळते, असे प्रतिपादन केले. ज्या वस्तूचा यथेष्ट विनियोग करता येतो, म्हणजे जी इच्छेप्रमाणे वापरता, देता वा विकता येते, ती आपली, अशी स्वत्वाची एक व्याख्याही शास्त्रचर्चेत आढळते. नव्यन्यायाचा, म्हणजे उत्तरकालीन न्यायदर्शनाचा, प्रसिद्ध आचार्य रघुनाथ शिरोमणी याला ती पटली नाही. वापर एवढाच अर्थ घेतला तर परक्याचे अन्नही खाता येते; शास्त्राने न निषेधिलेला वापर असा अर्थ घेतला तर परक्याचे घेऊ नये हा निषेध कळण्यासाठीच आधी परके कोणाचे आणि आपले कोणते हे ठाऊक असावे लागते; म्हणून स्वत्व हा एक स्वतंत्र पदार्थच, म्हणजे दुसऱ्या कशात न मावणारा मूलभूत प्रकारच, मानला पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते.

नावेच्या बाबतीत ही अडचण आणखी एका बाजूने उघड होते. नाव यथेष्ट वापरता येते ती फक्त विकण्यापुरती किंवा मोडण्यापुरती. चालवायची म्हटली की इच्छेच्या जागी प्रवाह, खोली, ऋतू आणि वारा येतात. पूर्वमीमांसेत, म्हणजे यज्ञवाक्यांच्या अर्थनिर्णयाच्या शास्त्रात, विश्वजित् यज्ञात सर्वस्व दान करायचे असते त्या प्रसंगी राजाने भूमीही द्यावी काय असा प्रश्न उपस्थित होतो, आणि भूमी सर्वांना सारखीच असल्यामुळे ती देता येत नाही असा निर्णय जैमिनीच्या सूत्रांत मिळतो. हाच न्याय नदीच्या प्रवाहाला लावला, तर असे दिसते की नावेचा मालक ज्या सुखासाठी नाव घेतो त्या सुखातला मोठा भाग, म्हणजे पाणी, काठ आणि वाहणे, त्याच्या मालकीत कधीच येत नाही, आणि भाडेकरूलाही तो तितकाच मिळतो.

मग भाड्याची नाव घेऊन मोकळे व्हावे, हे सोपे उत्तर पुढे येते. प्राचीन राजनीतिग्रंथांनी भाड्याच्या नावेचा विचार बराच बारकाईने केला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दुसऱ्या अधिकरणाचा २८ वा अध्याय नावध्यक्षाचा, म्हणजे जलमार्ग, नावा व तर यांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचा आहे. तर म्हणजे ठरलेल्या जागी नदी उतरवून देण्याची सोय. तेथे मासे पकडणाऱ्यांनी नावेच्या भाड्यापोटी सहावा हिस्सा द्यावा असे आहे, आणि शंख व मोती काढणाऱ्यांना मात्र भाडे द्यावे किंवा स्वतःच्या नावांनी जावे अशी मुभा आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तरीचे दर आहेत : रिकाम्या गाडीला एक पण (त्या काळचे नाणे), ओझे घेतलेल्या माणसाला अर्धा, पशू व स्त्री यांना पाव, आणि रिकाम्या हाताच्या पुरुषाला त्याच्याही निम्मे. गर्भवती स्त्री, संन्यासी, मुनी, ब्राह्मण आणि ब्रह्मचारी यांच्याकडून भाडे घेऊ नये असेही तेथे म्हटले आहे. या सवलतींत वर्णाचा पक्षपात स्पष्ट आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्याजवळ देण्यासारखे काही नाही किंवा ज्याची अवस्था नाजूक आहे त्याला नदीने अडवू नये, हा विचारही त्यांत आहे. गोव्यात मांडवीसारख्या नद्यांवर सरकारी फेरीबोटींतून पायी प्रवाशाला विनाभाडे पलीकडे नेण्याचा प्रघात दीर्घकाळ चालत आला, त्याच्या मुळाशी याच जातीची समज आहे.

दायित्वाचा, म्हणजे नुकसान कोणी भरून द्यायचे याचा नियम यापेक्षाही बोलका आहे. नावाड्यांच्या चुकीने सामानाची हानी झाली तर ती सर्व नावाड्यांनी मिळून भरून द्यावी, पण दैवाने आलेल्या आपत्तीसाठी त्यांना दंड नाही, असे मनुस्मृती सांगते. अर्थशास्त्र तर माणसे वा साधने अपुरी असलेली किंवा दुरुस्त न केलेली नाव बुडाल्यास भरपाई नावध्यक्षावरच टाकते. येथे नावाड्याच्या जबाबदारीची सीमा आखली आहे, राज्याचीही आखली आहे. उतारूची जबाबदारी मात्र भाडे दिल्यावर संपते असे गृहीत धरलेले दिसते.

या गृहीताला सर्वांत खोल धक्का जैन आगमांनी दिला. आचारांगसूत्राच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात ईर्येचे, म्हणजे साधूने कसे चालावे व प्रवास करावा याचे नियम आहेत, आणि त्यांत नावेचा स्वतंत्र विचार आहे. जी नाव गृहस्थाने साधूसाठी विकत घेतली, उसनी आणली किंवा बदलून घेतली, जी त्याच्यासाठी जमिनीवरून पाण्यात लोटली किंवा पाण्यातून जमिनीवर ओढली, जिच्यातले पाणी त्याच्यासाठी उपसले, अशा नावेत त्याने चढू नये. साधूजवळ नाव नाही, पैसा नाही. तरीही त्याच्यासाठी जे हलवले गेले त्याचा तो निमित्तकारण ठरतो, आणि पाणी हेच सजीव मानणाऱ्या या दर्शनात उपसलेल्या प्रत्येक भांड्याला हिंसेचे वजन आहे. मालकी नसली म्हणजे कर्तृत्व नाही, या समजुतीला येथे थारा उरत नाही. आपल्याकडे नाव नाही याचे समाधान मानणाऱ्याला हे शास्त्र विचारते की ती नाव आज पाण्यात कोणासाठी लोटली गेली.

त्याच अध्ययनात पुढे आणखी कठोर नियम येतो. नावेत बसलेल्या साधूला नावाड्याने दोर ओढायला, वल्हवायला, पाणी उपसायला किंवा छिद्रावर हात ठेवायला सांगितले तर त्याने ते करू नये, मौन राखावे; आणि छिद्रातून पाणी आत येताना दिसले तरी नावाड्याला सांगण्यासाठी जाऊ नये. ज्याने देहाचीही ममता सोडली आहे आणि एकाही जलजीवाच्या पीडेला आपली वाणी कारण होऊ द्यायची नाही असे ज्याचे व्रत आहे, त्याच्यापुरता हा नियम सुसंगत आहे. गृहस्थाला मात्र त्याचा आधार घेता येणार नाही, कारण भाडे देऊन बसलेला गृहस्थ मौन राखतो ते वैराग्यामुळे नसते, उपसणे हे दुसऱ्याचे काम आहे असे वाटल्यामुळे असते. बाहेरून दोन्ही मौने सारखी दिसली तरी त्यांच्यातील अंतर नदीच्या दोन काठांइतके आहे. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या मूर्च्छा अशी केली आहे. मूर्च्छा म्हणजे ममत्वाने आलेली बेशुद्धी. ही व्याख्या स्वीकारली तर भाडेकरूही परिग्रही असू शकतो, कारण तासाभराच्या भाड्यात आपण नाव, नावाडी आणि त्याची दुपार असे सारे विकत घेतले असे ज्याला वाटते, त्याची मूर्च्छा दहा नावांच्या सावध मालकापेक्षा गाढ असते.

नावाड्याच्या बाजूने हा प्रश्न तुलसीदासाने रामचरितमानसातील अयोध्याकांडात उभा केला आहे. वाल्मीकीच्या कथेत निषादांचा राजा गुह नाव मागवतो आणि राम गंगा उतरतो. तुलसीदासाचा केवट, म्हणजे नावाडी, मात्र अडून बसतो. ज्या चरणधुळीने शिळेची स्त्री झाली ती लाकडाला लागली तर नावही जाईल, याच नावेवर घर चालते आणि दुसरा धंदा येत नाही, म्हणून पाय धुतल्याशिवाय चढू देणार नाही, असे तो म्हणतो. कीर्तनांत हा प्रसंग भक्ताच्या लाडिक हट्टाचा म्हणून रंगवला जातो, आणि तो तसा आहेही. परंतु अर्जन, रक्षण आणि क्षय हे दोष येथे एका गरीब मालकाच्या तोंडून पोटाची भाषा बोलत येतात, हेही दिसले पाहिजे. हौसेसाठी नाव बाळगणाऱ्याने ती सोडणे हा अपरिग्रह होईल. केवटाची नाव जाणे ही उपासमार होईल. पुढे उतराई म्हणून सीतेची अंगठी समोर येते तेव्हा तोच केवट ती घेत नाही. नाव न सोडता भाडे सोडणारा हा माणूस, मालकी आणि निर्लोभता एकाच हातात राहू शकतात, याचे भक्तिसाहित्यातील फार सुंदर उदाहरण आहे.

आजच्या काळात हा सारा विचार नर्मदेच्या परिक्रमेत एकत्र दिसतो. अमरकंटकापासून समुद्रापर्यंत १३१२ किलोमीटर वाहणाऱ्या या नदीला उजव्या हाताला ठेवून चालणारा परिक्रमावासी (आणि अशांत मराठी माणसांची संख्या लक्षणीय आहे) वाटेत कोठेही नदी ओलांडत नाही. मोजके सामान आणि भिक्षा वा सदावर्तातील अन्न यांवर तो दिवस काढतो. नदीच्या दोन्ही काठांना होड्या बांधलेल्या असतात आणि त्या त्याच्या उपयोगाच्या नसतात. केवळ मुखाशी, जेथे नदी समुद्रात विसर्जित होते, तेथे विमलेश्वराहून मिठीतलाईकडे जाण्यासाठी तो नावेत बसतो, आणि तीही भरती-ओहोटीची वेळ साधूनच सुटते. महिनोन्महिने काहीच आपले न म्हणता चाललेला हा माणूस त्या काही तासांत पूर्णपणे दुसऱ्याच्या नावेवर, इंधनावर आणि कौशल्यावर अवलंबून असतो. त्याच्या अपरिग्रहाला यामुळे उणेपणा येत नाही. परंतु तो पूर्ण व्हायचा तर नावाड्याविषयीची कृतज्ञता त्यात धरावी लागते, आणि ती भाड्याच्या रकमेत मावत नाही.

बुद्धाने मज्झिमनिकायातील अलगद्दूपम सुत्तात सांगितलेला तराफ्याचा दृष्टान्त या संदर्भात नेहमी दिला जातो. गवत, काटक्या, फांद्या आणि पाने बांधून केलेल्या तराफ्यावरून माणूस पलीकडे पोहोचतो. त्याचे उपकार आठवून त्याने तो डोक्यावर वा खांद्यावर घेऊन पुढे जावे काय, असे बुद्ध विचारतो, आणि धर्मही तसाच तरून जाण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही, हे भिक्षूंना समजावतो. दृष्टान्ताच्या या भागावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच सुत्तातील एका लहान तपशिलाकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही : तराफा सोडणाऱ्या माणसाने तो जमिनीवर ओढून ठेवावा किंवा पाण्यात सोडून द्यावा, असे दोन पर्याय तेथे आहेत, आणि बुद्धाने त्यांत डावे-उजवे केलेले नाही. सोडण्याच्या दृष्टीने दोन्ही समानच आहेत. पण काठावर ओढून ठेवलेला तराफा, त्याच्या गाठी अजून पक्क्या असतील तर, मागून येणाऱ्या माणसाच्या हाती लागतो, आणि तो ओढून ठेवण्यासाठी पलीकडे पोहोचलेल्याला आणखी थोडा वेळ गुडघाभर पाण्यात उभे राहावे लागते.