गोळी, पेला आणि आग्रह

नैराश्यावरची गोळी चालू असताना चारचौघांत दारू नाकारणे हे व्रत की पथ्य? बेळगावच्या वडगावात, विणकरांच्या या जुन्या वस्तीत, आषाढात मंगाई देवीची यात्रा भरते. घरोघरी पाहुणे, मटणाचा बेत, आणि काही घरांत पेलाही पुढे येतो. गळ्यात तुळशीची माळ असेल तर कोणी आग्रह करत नाही. माळकरी म्हटले की विषय संपला. गोळी मात्र दिसत नाही, आणि आजाराचे नाव घ्यायला माणूस कचरतो.

एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांवर दारू घेतली तर गुंगी वाढू शकते, अमिट्रिप्टिलिनवर तर फारच. नशा उतरल्यावर उदासीही बळावते. पिण्यासाठी डोस चुकवणे तितकेच घातक.

बौद्धांच्या पाचव्या शीलात मद्य वर्ज्य आहे ते त्यातून बेसावधपणा येतो म्हणून. डॉ. आंबेडकरांनी 1956 मध्ये नागपुरात दिलेल्या 22 प्रतिज्ञांतही मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. मन शाबूत राखणे हाच हेतू धरला, तर पथ्य व्रताहून हलके ठरत नाही. यजमानाने एकदा ‘नको’ ऐकल्यावर कारण विचारू नये, पेला बाजूला ठेवून पान वाढावे.