श्वासाचा हिशेब आणि श्वासाची आहुती

नाथपरंपरेतील हठयोगग्रंथांत माणसाच्या अहोरात्रीच्या श्वासांची संख्या 21,600, म्हणजे मिनिटाला 15, मानली आहे. प्रत्येक श्वासासरशी ‘सोऽहं’ हा जप न जपताच होत राहतो, म्हणून त्याला अजपा म्हणतात, आणि दासबोधाच्या सतराव्या दशकातही त्याचे निरूपण आहे. ही सारी कल्पना श्वासाच्या आपोआपपणावर उभी आहे. फुफ्फुसतंतुमयतेत, म्हणजे वायुकोशांच्या नाजूक भिंती व्रणांनी जाड आणि ताठर होण्याच्या विकारात, नेमका हा आपोआपपणाच हरवतो. श्वास उथळ व जलद होतो आणि जिन्याच्या चार पायऱ्यांसाठीही तो कष्टाने मिळवावा लागतो. श्वास मोजून दिलेले असतात, ही लोकसमजूत अशा रुग्णाला ऐकवणे म्हणजे त्याची पुंजी दुप्पट वेगाने सरत आहे असे सांगणे होय, आणि ते क्रूर आहे.

कौषीतकी उपनिषदातील विचार निराळा आहे. माणूस बोलत असतो तोवर त्याला श्वास घेता येत नाही, तेव्हा तो प्राणाचे वाणीत हवन करतो. श्वास घेतो तोवर बोलता येत नाही, तेव्हा वाणीचे प्राणात. या आहुतींना तेथे आंतर अग्निहोत्र म्हटले आहे. वाक्याच्या मध्यावर थांबून, दोन श्वास घेऊन, मग क्रियापदापर्यंत पोहोचणाऱ्या रुग्णाला यात रूपक दिसत नाही, स्वतःचा दिवस दिसतो. फिजिओथेरपीही त्याला हीच देवघेव शिकवते: उठताना, पिशवी उचलताना श्वास कोंडायचा नाही, श्रमाच्या क्षणी तो सोडायचा, चालीचा वेग श्वासाच्या कलाने ठरवायचा. व्रण त्याने जात नाहीत. पायांत बळ येते, चालणे वाढते, धाप कमी जाणवते. नळीतून श्वास ओढताच ज्यातले तीन चेंडू एकेक करून वर जातात, ते स्पायरोमीटरही ताठर फुफ्फुस मऊ करीत नाही, त्यामुळे तिसरा चेंडू उचलला गेला नाही तर रुग्णाने स्वतःला दोष देऊ नये.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर खोलीतलीच हवा ओढतो, तिच्यातला नायट्रोजन झिओलाइट या खनिजाच्या कणांवर अडवतो आणि उरलेला प्राणवायू नाकाशी पोहोचवतो. तो श्वास उसना म्हणून हलका मानणाऱ्यांचा स्वतःचा श्वासही त्याच खोलीतून येत असतो. नळी लावलेल्या माणसाला मात्र समई, निरांजन, उदबत्ती यांपासून दूर बसावे लागते, कारण प्राणवायूपाशी ठिणगीही भडकते आणि धूर फुफ्फुसाला सोसत नाही. हातची पूजा सुटल्याचे त्याचे दुःख खरे आहे, व ते कोणी उडवून लावू नये. कौषीतकीतील अग्निहोत्र मात्र जागेपणी आणि झोपेतही चालूच असते, आणि ते जाणणारे पूर्वीचे विद्वान बाहेरच्या अग्नीत हवन करीत नसत, असे त्याच उपनिषदात म्हटले आहे.