चिखलणी यंत्राने, लावणी कंबरेने

भाताची लावणी 20 बाय 15 सेंटीमीटर अंतराने केली, तर एका एकरात सव्वा लाखाहून अधिक चूड बसतात. हाताने लावलेल्या शेतात यातला एकेक चूड कुणीतरी वाकून चिखलात रोवलेला असतो. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताने रोवणी आणि पावलागणिक मागे सरकणं. कोकणात काय, भंडारा-गोंदियात काय, हे काम बहुतांशी बायकाच करतात.

कंबरेतून वाकलं की धड, डोकं आणि हात यांचा भार पाठीच्या खालच्या भागावर येतो. तासन्‌तास तसंच राहिलं की स्नायू थकतात, मणक्यांना धरून ठेवणारे अस्थिबंध ताणले जातात. थायलंडच्या ग्रामीण भागातल्या भातशेतकऱ्यांची एक पाहणी 2011 साली प्रसिद्ध झाली. त्यात निम्म्याहून अधिक जणांना कंबरदुखी आढळली.

आपल्याकडे हे दुखणं आजारांत धरलंच जात नाही. राज्याच्या शेतकरी अपघात योजनेत सर्पदंश झाला, वीज पडली तर मदत मिळते, आणि ती हवीच. पण वर्षानुवर्षं झिजलेली कंबर हा अपघात नव्हे. मग दुकानातून वेदनाशामक गोळी आणायची आणि पुन्हा खाचरात उतरायचं. अशा गोळ्या सतत घेतल्या तर जठराला आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

नांगरणी-चिखलणी पुरुषांची, तिथे पॉवर टिलर आला. बायकांची लावणी बहुतेक ठिकाणी हातानेच राहिली. डोंगरउतारावरच्या लहान खाचरांत लावणीयंत्र फिरवणं अवघड, हे खरं. पण वेगळी वाटही आहे. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्रात चिखलणीही नाही आणि लावणीही नाही; कायमच्या गादीवाफ्यांवर बी थेट टोकतात.

इथे एक नैतिक पेच उभा राहतो. लावणी गेली की मजूर बाईची हंगामातली मजुरीही जाते. तिची कंबर वाचवताना तिची चूल विझवणं हा न्याय नव्हे. म्हणून लावणीयंत्रं महिला बचत गटांच्या मालकीची असावीत, ती चालवण्याचं प्रशिक्षण आणि भाडं याच बायकांना मिळावं. आणि जिथे लावणी हातानेच होणार आहे, तिथे शेतमालकाने रोपं काढणं, मुठी वाहणं आणि लावणी ही कामं आळीपाळीने द्यावीत, अधूनमधून पाठ सरळ करायला वेळ द्यावा आणि त्या वेळेची मजुरी कापू नये.