याला काय विशेष येतं?

आमच्या वालचंदनगरच्या कॉलनीत एका आईला विचारला गेलेला प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. मुलगा स्वमग्न आहे म्हटल्यावर समोरच्या बाईंनी कौतुकानं विचारलं, "हो का? मग याला काय विशेष येतं?" बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. पडद्यावरची स्वमग्न माणसं भराभर आकडेमोड करतात, पुस्तकं पानासकट पाठ म्हणतात, तेच त्यांनी पाहिलेलं. या मुलाला तसलं काहीही येत नाही. उसाच्या हंगामात गाणी लावलेले ट्रॅक्टर भवानीनगरच्या कारखान्याकडे निघाले की तो कान घट्ट दाबून जागीच बसतो. गाणं विरून गेलं तरी त्याचे हात खाली यायला बराच वेळ लागतो.

आकडेबहाद्दर स्वमग्न माणूस 1988 च्या 'रेन मॅन'पासून जगभर फिरतो आहे, त्याबद्दल नव्यानं सांगायला नको. ती भूमिका ज्यांच्यावरून सुचली ते किम पीक स्वमग्न नव्हतेच, असं पुढे तज्ज्ञांनी मांडलं, पण तोवर साचा पक्का झाला होता. आपल्याकडे त्यात 'तारे जमीन पर'ची भर पडली. त्यातल्या ईशानची अडचण लिहिण्यावाचण्याची, डिस्लेक्सियाची. तरी आजही कुठल्याही वेगळ्या मुलाला लोक त्याच सिनेमाच्या नावानं ओळखतात.

'आपकी अंतरा' ही झी टीव्हीवरची हिंदी मालिका 2009 ची. तिच्या मध्यभागी स्वमग्न मुलगी होती आणि झेना वस्तानी या छोट्या मुलीनं ती मन लावून केली होती. त्या मालिकेचं ऋण मी मानतो. अपंगांसाठीच्या 1995 च्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, आणि 2016 च्या कायद्यानं एकवीस प्रकारांत तिला जागा दिली. नंतरच्या या दोन कायद्यांच्या मधल्या काळात, जिथं या विषयातला डॉक्टर पोचला नव्हता त्या घरांत, निदान ते नाव तरी या मालिकेनं पोचवलं.

पण ती मालिका मुलांसाठी नव्हती. मुलाविषयीची गोष्ट वेगळी आणि मुलासाठीची गोष्ट वेगळी, या फरकापाशी मी पुन्हापुन्हा येतो. मुलाविषयीच्या गोष्टीत प्रश्न मोठ्यांचे असतात. याला स्वीकारायचं कसं, लोक काय म्हणतील, आणि सगळ्यांत खोलवरचा, आमच्या माघारी याचं कोण बघणार? जयवंत दळवींचं 'नातीगोती' याच प्रश्नानं आतून हलवून टाकतं. स्वमग्नतेवर नसलं तरी ते याच घरांचं नाटक आहे, आणि मराठीत ते आहे याचा मला अभिमान वाटतो. पण आठ वर्षांच्या मुलाला तो प्रश्न पडत नाही. त्याचा प्रश्न असतो, हा माझ्याशी खेळेल का?

'सेसमी स्ट्रीट' या मुलांसाठीच्या मालिकेत 2017 साली जूलिया ही स्वमग्न मुलगी आली. बिग बर्ड तिला हाक मारतो, ती ओ देत नाही, आणि आपण तिला आवडत नाही असं त्याला वाटतं. सायरन वाजल्यावर ती कान झाकते. ती उड्या मारत पकडापकडी खेळते, तर बाकीचेही तशाच उड्या मारत खेळू लागतात. ती काय करते आणि तिच्याशी खेळायचं कसं, एवढं कळलं की पुरे, मग खेळ पुढे जातो. जूलियाची बाहुली चालवणाऱ्या स्टेसी गॉर्डन स्वतः एका स्वमग्न मुलाच्या आई आहेत. त्या भागात मोठ्यांचं रडणं नाही, आणि जूलियाला काही विशेष येतं हे सिद्ध करण्याची धडपडही नाही.

इथं थोडं बाजूला जातो, कारण हे कुणी बोलत नाही. आपल्या रोजच्या मालिकेचा आवाज कसा असतो? कुणी दार उघडलं तरी ढोल, मग तोच चेहरा तीनदा जवळ, दर वेळी वेगळा दणका. ज्या मुलाला मिक्सर सहन होत नाही, तो हे बघणार कसं? स्वमग्न मूल पडद्यावर दाखवा म्हणताना, पडद्यासमोर बसलेलं स्वमग्न मूल आपण विसरतो. त्याच्यासाठीच्या मालिकेला आधी गप्प राहणं जमायला हवं.

आता माझ्या मित्राकडे वळतो. तो मुलांची नाटकं बसवतो. स्वमग्न पात्र स्वमग्न मुलानंच करावं, हा त्याचा हट्ट. मी नेहमी भांडत आलो. 'चौकट राजा'तला दिलीप प्रभावळकरांचा नंदू आठव, मी म्हणायचो. दुसऱ्याच्या कातडीत शिरणं हाच अभिनय, मग दाखला कसला मागतोस? तो 'येलो'चं नाव घ्यायचा. डाउन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ 2014 च्या त्या सिनेमात स्वतःच उभी राहिली. बीबीसीनं 2023 साली मुलांसाठी केलेल्या 'अ काइंड ऑफ स्पार्क'मध्येही स्वमग्न भूमिका तशाच कलाकारांकडे होत्या. खरेपणा तिथूनच येतो, हे त्याचं म्हणणं मला आजही पटत नाही. खरेपणा लेखणीतूनही येतो.

तरी त्याची मागणी मी आता मान्य करतो, वेगळ्या कारणानं. स्वमग्न मूल सेटवर आणायचं ठरवलं तर काय काय बदलावं लागेल? दिव्यांचा झगमगाट कमी, विसाव्याला शांत खोली, उद्याची दृश्यं आज सांगायची, सोळाव्यांदा तेच वाक्य बोलायला लावायचं नाही. बालकलाकाराला दिवसात पाच तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त काम देऊ नये, हा 2017 चा नियम आहेच. हे मूल असलं की तो कागदावर राहूच शकणार नाही. सेट जुळवून घ्यायला शिकला, तर त्या सेटवरची गोष्टही शिकेल. सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2024 मध्ये 'आंख मिचौली' सिनेमाच्या प्रकरणात, अपंगत्व दाखवताना त्या लोकांना सामील करून घ्या, असं सांगितलं. त्याचा मला लागलेला अर्थ हा आहे.

मात्र मित्राच्या नियमात एक फट राहते आणि ती मला सोडवत नाही. निवड होईल ती बोलणाऱ्या, सूचना ऐकणाऱ्या मुलाची. न बोलणारं मूल पुन्हा बाहेर. म्हणून मी त्याला पिक्सारचा 'लूप' दाखवला, 2020 चा, जेमतेम नऊ मिनिटांचा. त्यातली रेने बोलत नाही. तिचा आवाज मॅडिसन बँडी या न बोलणाऱ्या स्वमग्न मुलीचा आहे. तिला स्टुडिओत यायला लावलं नाही. ध्वनिमुद्रण करणारी मंडळी यंत्रं घेऊन तिच्या घरी गेली, आणि तिला जे आवाज काढायचे होते ते त्यांनी टिपले. स्वमग्न मूल असलेल्या मराठी बालमालिकेचा पहिला भाग लिहिण्याआधी कुणीतरी तसं एखाद्या घरी जाऊन बसावं, इंदापूर-बारामतीकडच्या घरी बसलं तरी चालेल.