भूमीचे स्वामित्व आणि विश्वस्तपण

कृष्णा आणि वारणा यांच्यामधल्या काळ्या, बागायती पट्ट्यातले ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) जसजसे उसाच्या शिवारात पसरते, तसतसा जमीन नेमकी कोणाची हा जुना तात्त्विक प्रश्न तेथे नगररचनेच्या नकाशावर उभा राहतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 नुसार विकास योजनेत खाजगी भूखंडावर शाळेसाठी वा बागेसाठी आरक्षण पडू शकते, म्हणजे मालकी कायम राहूनही त्या सार्वजनिक उपयोगाच्या आड येणारे बांधकाम मालकाला करता येत नाही. विनोबा भावे यांनी 1951 मध्ये भूदान चळवळ सुरू केली ती भूमी ईश्वराची आणि माणूस तिचा केवळ विश्वस्त, या श्रद्धेवर; मात्र दानातली स्वेच्छा आरक्षणात नसते, आणि त्यागाचे पुण्य सक्तीने घडवता येत नसल्यामुळे शासनावरच न्यायाचे ओझे अधिक पडते. अंतिम योजना अमलात आल्यापासून 10 वर्षांत संपादन न झाल्यास मालकाने नोटीस दिल्यावर त्याला आरक्षणातून सुटकेचा मार्ग खुला करणारे कलम 127 हे ओझे ओळखते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या दशकात स्वतःच्याच जमिनीवर घर बांधू न शकलेल्या कुटुंबाच्या थांबलेल्या काळाची भरपाई त्या कलमात नाही.