वाटेवरची माउली



वारकरी बंधुभगिनींनो, आपण ज्ञानोबारायांना माउली म्हणतो. का म्हणतो? आई नुसती जेवू घालीत नाही. ती वाट दाखविते, आणि लेकरू वाट चुकले तर त्याचा कानही धरिते. असा कान धरणारी एक विद्वान बाई आपल्याच दिंडीतून चालून गेली. त्यांचे नाव इरावतीबाई कर्वे.

जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. तिथल्या नदीचे नाव लेकीला ठेवले. शिक्षण पुण्यात झाले. महर्षी कर्व्यांच्या घरी त्या सून म्हणून आल्या. पुढे जर्मनीस जाऊन मानववंशशास्त्र शिकल्या. त्या काळी बाईमाणसाने समुद्र ओलांडणे म्हणजे केवढे धाडस! बर्लिनला त्यांनी माणसांच्या कवट्या मोजल्या. कवटीच्या घडणीवरून वंशाचा उच्चनीचपणा ठरतो, असे तिथले मोठमोठे पंडित मानीत. बाईंच्या मोजमापात ते काही टिकले नाही, आणि पंडितांना काय वाटेल याची भीड न धरता त्यांनी तसेच लिहिले.

परत आल्यावर डेक्कन कॉलेजात १९३९ पासून शिकविले. तीन मुलांचा संसार सांभाळून देशभर, डोंगरकपारीत हिंडल्या. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालविली. 'युगान्त' लिहिले, त्याला १९६८ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्यांच्या दोन्ही लेकी, जाई निंबकर आणि गौरी देशपांडे, पुढे लेखिका झाल्या. १९७० साली बाईंनी देह ठेवला.

पण आपल्याला काय सांगायचे आहे? एवढी शिकलेली बाई पालखीबरोबर पायी चालली. चालता चालता त्यांना उमगले की, ज्या मुलखातली माणसे पंढरीला जातात तो महाराष्ट्र. केवढा मान दिला हो आपल्या वारीला!

आणि त्याच लेखणीने सलही मांडला. वाटेने एकत्र चालायचे, एकत्र भजन करायचे, आणि मुक्कामाला ब्राह्मणांची पंगत वेगळी, मराठ्यांची वेगळी! बाई स्वतः दोन्हीकडे जेवल्या. त्यांना रोज वाईट वाटे. हे सारे लिहून १९६२ साली परदेशातल्या विद्वानांपुढेही ठेविले. काही झाकले नाही.

कुणी म्हणेल, घरचे उणे बाहेर कशाला सांगावे? अहो, कवटीत भेद नाही हे जिने परक्या पंडितांपुढे सांगितले, तिने घरच्या पंगतीतला भेद पाहून गप्प बसावे काय? परक्याला एक न्याय आणि आपल्याला दुसरा, ही आईची रीत नव्हे.

आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरी आपण काला करितो. साऱ्यांच्या शिदोऱ्या एक होतात. मग विचार करा, जो काला शेवटी गोड लागतो, तो वाटेत का कडू लागावा? पाया पडताना आपण जात पुसत नाही. भाकरी वाढताना का पुसावी?

यंदा मुक्कामाला शेजारच्या राहुटीतल्या अनोळखी माणसाला हाक मारा, आपल्या पंगतीला बसवा. त्या माउलीचे स्मरण तेवढ्यानेच होईल.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!